विजेची गाडी घरी आणताना: पार्किंगमधल्या वायरिंगपासून ॲपच्या परवानग्यांपर्यंत

विजेची गाडी घ्यायचं ठरलं की पहिले काही आठवडे घरात रेंज, किंमत आणि रंग यांचीच चर्चा चालते. खरे प्रश्न गाडी दारात आल्यावर सुरू होतात. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "आधी पत्र द्या, मग कमिटीत बघू." वायरमन म्हणतो, "अर्थिंग वेगळं घ्यावं लागेल." आणि शोरूममधला मुलगा तुमचाच फोन हातात घेऊन ॲपमध्ये भराभर 'मान्य' दाबत सुटलेला असतो.

पुण्यात, सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहून मी हे सगळं पार पाडलं. तेव्हापासून आमच्या इमारतीत कुणी विजेची गाडी बुक केली की संध्याकाळी बेल वाजते आणि तेच प्रश्न येतात. ती उत्तरं इथे क्रमाने लिहितो आहे. विजेच्या बाबतीत बहुतेक जण काळजी घेतात, निदान घ्यायची असते हे त्यांना माहीत असतं. माहितीच्या बाबतीत तसं होत नाही. गाडी, चार्जर, घरातला कॅमेरा, बोलका स्पीकर ही सगळी उपकरणं एकाच वाय-फायवर आणि एकाच फोनवर येतात, आणि आपण कुठे जातो, कधी घरी नसतो हे कुठल्या तरी सर्व्हरवर साठत राहतं. म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी उरका. माझा नियम साधा आहे: जे काम इंटरनेटशिवाय होतं, त्याला इंटरनेट द्यायचं नाही. पुढच्या बहुतेक सूचना याच नियमातून आल्या आहेत.

आधी ही कागदपत्रं एका फाइलमध्ये लावा

- शेवटचं वीजबिल (ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार दोन्ही त्यावर असतात)
- पार्किंग तुमच्या नावावर असल्याचं सोसायटीचं पत्र
- फ्लॅटची इंडेक्स टू किंवा मालमत्ता कराची पावती. भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र
- आधार, पॅन
- गाडीची बुकिंग पावती, नंतर आरसी
- चार्जरचं माहितीपत्रक, ज्यात क्षमता आणि सुरक्षेचे तपशील असतील
- सोसायटीचं ना हरकत पत्र
- परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल

शेवटचे दोन कागद तुमच्याकडे आज नसणार. ते मिळवण्यातच सगळा वेळ जातो.

१. गाडी बुक करण्याआधी पार्किंगमध्ये जाऊन उभे राहा

मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल कुठून जाईल, ते चालत जाऊन बघा. सरळ रेषेतलं अंतर उपयोगाचं नाही. केबल छताला लागून, कोपरे वळत, ड्रेनेजचे पाइप चुकवत जाते. मोजपट्टी घेऊन जा आणि फोनमध्ये फोटो काढा. हे फोटो पुढे सोसायटीच्या अर्जाला जोडता येतात.

पावसाळ्यात तिथे पाणी साचतं का, हे वॉचमनला विचारा. बेसमेंटमध्ये जुलैत पाणी कुठवर चढतं ते त्याला कमिटीपेक्षा चांगलं माहीत असतं.

मग वीजबिलावरचा मंजूर भार बघा. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी सुमारे ३ किलोवॅटने चार्ज होते. भिंतीवर बसवायचा चार्जर बहुधा ७.२ किलोवॅटचा असतो. फ्लॅटचा मंजूर भार ३ किलोवॅट असेल आणि त्यावर गीझर, एसी, ओव्हन चालत असतील, तर तिथे ७.२ चा चार्जर टाकणं शक्य नाही. भार वाढवून घ्या किंवा वेगळी जोडणी घ्या.

आता खरंच ७.२ लागतो का? टाटाच्या नेक्सॉन गाडीची लहान बॅटरी ३० युनिटची आहे. २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला २४ युनिट लागतात, म्हणजे साध्या सॉकेटवर आठ-नऊ तास. रात्री अकराला लावली तर सकाळी आठला गाडी तयार. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला एवढं पुरून उरतं. बॅटरी ४५ युनिटच्या पुढची असेल किंवा घरात दोन गाड्या येणार असतील, तर मोठ्या चार्जरचा विचार करा. अनेक जण फुकट मिळतो म्हणून मोठा चार्जर घेतात आणि मग केबल व भारवाढीवर चार्जरच्या किमतीहून जास्त घालवतात.

२. सोसायटीची परवानगी: तोंडी बोलू नका, पत्र द्या

निवासी इमारतीत राहणाऱ्याला गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केलं आहे. घरातल्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करायलाही केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुभा आहे. हे माहीत असू द्या, पण कमिटीपुढे नियम आपटून सुरुवात करू नका. कमिटीच्या मनात तीनच प्रश्न असतात: बिल कोण भरणार, आग लागली तर काय, आणि भिंतीला किती भोकं पडणार. पत्रातच या तिन्हींची उत्तरं द्या:

"मी, फ्लॅट क्र. ___ चा सभासद, मला दिलेल्या पार्किंग क्र. ___ मध्ये स्वखर्चाने ___ किलोवॅट क्षमतेचा चार्जर बसवू इच्छितो. वीज माझ्या स्वतःच्या मीटरवरून घेतली जाईल. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घेऊन चाचणी अहवाल सोसायटीस सादर करीन. केबल सोबत जोडलेल्या आराखड्यातील मार्गानेच जाईल. फ्लॅट विकल्यास वा पार्किंग बदलल्यास चार्जर स्वखर्चाने काढून जागा पूर्ववत करून देईन. कृपया ना हरकत पत्र द्यावे."

दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर तीन महिन्यांनी "असं पत्र आलंच नाही" हे ऐकावं लागतं. उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र, आणि तरीही नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार, हा क्रम आहे. पण इमारतीत आणखी दोघांना गाडी घ्यायची असेल तर तिघांनी मिळून अर्ज करा. एकट्याचा हट्ट वाटणारी गोष्ट तिघांनी मागितली की वार्षिक सभेचा विषय होते. केबल ट्रे एकदाच टाकला तर तिघांचाही खर्च वाचतो.

कॉमन मीटरवरून चार्जिंग करून महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, ही सोय सुरुवातीला छान वाटते. ती टाळा. पहिल्या जास्तीच्या बिलाला सगळ्यांची बोटं तुमच्याकडे वळतात.

३. घरचं मीटर की वेगळं मीटर

महिन्याला हजार किलोमीटर चालवत असाल आणि गाडी युनिटमागे सात किलोमीटर देत असेल, तर साधारण १४३ युनिट लागतात. चार्जिंगमधली घट धरून १६० धरा. घरचा वापर २०० युनिट असेल तर बेरीज ३६० वर जाते. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी वाढतो. म्हणजे गाडीचे वरचे ६० युनिट महागड्या टप्प्यात पडले. उन्हाळ्यात एसीमुळे हा आकडा अजून चढतो.

वेगळ्या जोडणीला राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेला विद्युत वाहन चार्जिंगचा स्वतंत्र दर लागतो. त्यात टप्प्यांची भानगड नाही, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. गाडी कमी चालत असेल तर घरचं मीटर परवडतं, जास्त चालत असेल तर वेगळं. स्वतःच्या बारा महिन्यांच्या बिलांवर हा हिशेब करा, शेजाऱ्याच्या हिशेबावर जाऊ नका. मुंबईत अदानी, टाटा पॉवर आणि बेस्ट यांचे दर महावितरणपेक्षा निराळे आहेत.

घरी स्मार्ट टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारं) बसलं असेल तर दिवसा नऊ ते पाच या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते. घरून काम करणाऱ्यांनी चार्जिंग दुपारी टाकावं. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या: हे मीटर दिवसभरात थोड्या थोड्या वेळाने नोंद घेतं. गाडी रात्री कधी लागली, घर दुपारी रिकामं होतं का, हे त्या आलेखावरून कळतं. महावितरणच्या ॲपचा पासवर्ड घरकामगार, वायरमन, एजंट यांच्या हाती देऊ नका. नव्या जोडणीसाठी एजंटने तुमचा ग्राहक क्रमांक स्वतःच्या मोबाइल नंबरला जोडला असेल, तर काम झाल्यावर तो लगेच बदलून घ्या.

४. वायरिंग: इथे पैसे वाचवू नका

विजेच्या गाडीची भीती बॅटरीच्या नावाने घातली जाते, पण घरच्या चार्जिंगमध्ये खरी धोक्याची जागा म्हणजे सैल सॉकेट आणि बारीक वायर. गीझर वीस मिनिटं चालतो. गाडी मात्र सलग आठ तास पूर्ण भार ओढते. सॉकेटचा एक स्क्रू जरी ढिला असेल तरी तो तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं आणि एक दिवस वितळतं.

ठेकेदाराकडून हे लेखी घ्या:

- ७.२ किलोवॅटसाठी किमान ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल. अंतर लांब असेल तर १०. पार्किंगमधून जाते म्हणून आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली.
- चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच). घरातल्या डीबीमधून, म्हणजे स्विचच्या मुख्य पेटीतून, उसनी लाइन नको.
- ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच), 'ए' प्रकारची. बाजारात स्वस्त मिळते ती 'एसी' प्रकारची असते. ती गाडीसाठी योग्य नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरच्या डीसी गळतीचं संरक्षण आतच आहे का, हे माहितीपत्रकात बघा. नसेल तर 'बी' प्रकारची आरसीसीबी लागते आणि ती बरीच महाग असते.
- विजांच्या कडकडाटासाठी सर्ज प्रोटेक्टर.
- अर्थिंग.

अर्थिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात. गाडीसोबत येणारा चार्जर अर्थिंग तपासतो आणि नीट नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. लाल दिवा लागतो आणि माणूस सर्व्हिस सेंटरला फोन लावत बसतो. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा आणि शेजारी उभे राहा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. तिसरा आकडा पंधरा-वीस दिसला तर अर्थिंग दुरुस्त करायचं. काही वायरमन चार्जर चालू करण्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून देतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते, आणि न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते. हे कुणी सुचवलं तर त्या माणसाला तिथूनच परत पाठवा.

चार्जर जमिनीपासून निदान कंबरेएवढ्या उंचीवर बसवा, पाणी साचण्याच्या खुणेच्या बरंच वर. केबल चार्जरमध्ये खालून शिरू द्या आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोल ठेवा. पावसाचं पाणी त्या झोलाच्या तळातून टपकतं, चार्जरच्या आत जात नाही. गन (गाडीत लावायचा चार्जरचा प्लग) लावण्याआधी तिच्या तोंडात पाणी नाही ना, हे बघायची सवय लावा.

एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नका. १६ अँपिअर लिहिलेल्या 'स्मार्ट प्लग'वरही नको. तो प्लग गीझर-एसीसाठी आहे, रात्रभर पूर्ण भार सोसण्यासाठी नाही.

५. चार्जरला वाय-फाय द्यायचं का

बसवायला आलेला माणूस लगेच वाय-फायचा पासवर्ड मागेल. थांबा. चार्जिंगची वेळ आणि ८० टक्क्यांची मर्यादा बहुतेक गाड्यांच्या स्वतःच्या पडद्यावर लावता येते. अनेक चार्जर कार्ड दाखवून सुरू होतात. पार्किंगमध्ये दुसऱ्याने गाडी लावू नये म्हणून कार्ड पुरतं. युनिटचा हिशेब मीटरवर दिसतोच. मग चार्जरला इंटरनेट कशासाठी?

दोन कारणं मला पटतात: एक म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, आणि दुसरं, घरात सौर पॅनेल असून उन्हाप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करायचं असेल तर. दुरुस्तीसाठी तात्पुरतं फोनचं हॉटस्पॉट द्या, झालं की बंद करा. सौर पॅनेल असेल तर चार्जर पाहुण्यांच्या (गेस्ट) नेटवर्कवर ठेवा. ते कसं करायचं हे सातव्या पायरीत आहे. चार्जरचा मूळ पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला. तो बऱ्याचदा बाजूच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि चार्जर असतो सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या जागेत.

६. गाडीचं ॲप: डिलिव्हरीच्या गडबडीत सही करू नका

आजच्या बहुतेक विजेच्या गाड्यांमध्ये सिमकार्ड बसवलेलंच असतं. टाटाचं आयआरए, एमजीचं आय-स्मार्ट, ह्युंदाईचं ब्लूलिंक, किआचं कनेक्ट, महिंद्राचं मी-फॉर-यू ही ॲप त्याच सिमवरून गाडीशी बोलतात. गाडी कुठे आहे, किती वेगाने गेली, ब्रेक किती जोरात लागला, कधी आणि कुठे चार्ज झाली, अशा नोंदी त्या वाटेने जाऊ शकतात.

ही भीती पोकळ नाही. २०१६ मध्ये निसान लीफच्या ॲपमध्ये अशी त्रुटी निघाली की गाडीचा चासी क्रमांक माहीत असला तर जगाच्या पाठीवरून कुणालाही तिचा एसी चालू करता येत होता आणि प्रवासाच्या नोंदी बघता येत होत्या. तो क्रमांक तर काचेतून वाचता येतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने वाहनचालकांच्या सवयींची माहिती डेटा कंपन्यांना दिली, तिथून ती विमा कंपन्यांकडे गेली आणि लोकांचे हप्ते वाढले. मार्च २०२४ मध्ये हे बाहेर आलं. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख विजेच्या गाड्यांची माहिती क्लाउडवर उघडी पडलेली सापडली. त्यातल्या साधारण ४ लाख ६० हजार गाड्या कुठे कुठे उभ्या राहिल्या, हे नेमकं दिसत होतं. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ मोटार कंपन्यांची गोपनीयता धोरणं तपासली, तेव्हा एकही उत्तीर्ण झाली नाही.

मग करायचं काय:

शोरूममध्ये ॲप चालू करू देऊ नका. "घरी जाऊन करतो" म्हणा. सिम चालू करायला ओळखपत्र लागतं, तेवढं द्या. पण खातं तुमच्याच मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर उघडा. सेल्समनच्या नंबरवर गाडी नोंदवली गेली तर त्याच्या फोनवर तुमची गाडी दिसत राहील.

घरी शांतपणे बसून परवानग्या बघा. लोकेशन 'ॲप वापरतानाच'. संपर्क, मेसेज, मायक्रोफोन बंद. 'ड्रायव्हिंग स्कोअर', 'जाहिरातींसाठी वापर', 'भागीदारांना माहिती' असं काही दिसलं तर बंद. विमा स्वस्त करून देण्यासाठी ड्रायव्हिंगची माहिती मागणारी योजना आली, तर हप्ता वाढूही शकतो का हे आधी लेखी विचारा.

गाडीच्या पडद्यावरही गोपनीयतेचा मेनू असतो, तो वेगळा तपासा. ब्लूटूथ जोडताना "फोनबुक घ्यायचं का" असं विचारलं जातं. तिथे नाही म्हटलं तरी फोन घेता येतो, गाणी लागतात. गाडीत आतल्या बाजूला कॅमेरा असेल, तर झोप आल्यावर सावध करणारी सोय राहू द्या, ती जीव वाचवते. सेल्फी, व्हिडिओ कॉल आणि रेकॉर्डिंगच्या परवानग्या तेवढ्या काढा.

डिलिव्हरीचा फोटो सगळेच टाकतात: मोठी चावी, हार, पेढे, घरची मंडळी. टाका, पण नंबरप्लेट आणि काचेवरचा चासी क्रमांक झाकून. २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं की अमेरिकेतल्या किआच्या गाड्या फक्त नंबरप्लेटवरून शोधून दुरून उघडता येत होत्या. ती त्रुटी नंतर बुजवली गेली.

आणि घरातल्या माणसांशी बोला. हा मुद्दा कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतो, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. ॲप एकाच्या फोनवर असतं आणि गाडी चौघं चालवतात. बायको माहेरी जाताना वाटेत कुठे थांबली, मुलगी कॉलेजनंतर किती वाजता निघाली, हे नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या फोनवर आपोआप येत राहतं. कुणी मुद्दाम बघत नसेल, पण नोटिफिकेशन येतंच. एकदा सगळ्यांनी बसून ठरवा की लोकेशनच्या सूचना बंद राहतील आणि कुणाचा माग काढायचा झाला तर त्याला सांगून. पगारी ड्रायव्हर असेल तर त्यालाही सांगा की गाडीचा वेग आणि ठिकाण नोंदलं जातं. त्याला हे दुसऱ्याकडून कळलं तर त्याला वाईट वाटेल, आणि ते योग्यच आहे.

७. घरातली जोडलेली उपकरणं

आधी राउटर. इंटरनेट जोडायला आलेला मुलगा वाय-फायचा पासवर्ड म्हणून सर्रास तुमचाच मोबाइल नंबर टाकून जातो, आणि राउटरच्या आतला पासवर्ड मूळचाच राहतो. दोन्ही बदला. मग 'गेस्ट नेटवर्क' चालू करा. कॅमेरा, स्पीकर, टीव्ही, रोबो झाडू आणि जोडायचाच असेल तर चार्जर, हे सगळं तिथे. फोन, लॅपटॉप आणि बँकेचे व्यवहार मुख्य नेटवर्कवर. उपकरण जोडलं जात नसेल तर घाबरू नका. स्वस्त उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात, गेस्ट नेटवर्क त्यावर ठेवा.

कॅमेरा दारावर असावा, घरात नसावा, या मताचा मी आहे. आजारी आई-वडिलांसाठी आत लावावाच लागला तर त्यांना विचारून लावा, आणि तुम्ही घरी असताना त्याचं बटण बंद ठेवा. दारावरच्या कॅमेऱ्यात समोरच्या फ्लॅटचं दार येत असेल तर कोन बदला; बहुतेक ॲपमध्ये चित्राचा काही भाग झाकायची सोय असते. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर होत असेल तर क्लाउडची वर्गणी घेऊ नका. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून इंटरनेटवर चालणाऱ्या सीसीटीव्हीला सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र लागतं. जुना माल सवलतीत विकायला काढलेला असू शकतो, म्हणून विचारून घ्या.

बोलक्या स्पीकरला विचारलेलं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. ॲमेझॉनच्या काही उपकरणांवर अमेरिकेत आवाज घरातच हाताळायचा पर्याय होता, तोही २८ मार्च २०२५ पासून बंद झाला. ॲपमध्ये 'रेकॉर्डिंग साठवू नका' निवडा आणि स्पीकर झोपायच्या खोलीत ठेवू नका. गाडीचं ॲप स्पीकरला जोडायची सोय मिळते. "गाडी किती चार्ज आहे" हे तोंडी विचारता येण्यासाठी दोन कंपन्यांना एकमेकींच्या खात्याची किल्ली द्यायची, हा सौदा मला अजिबात पटत नाही.

कॅमेरा असलेला रोबो झाडू घेत असाल तर एवढं जाणून घ्या: रोबो झाडू बनवणाऱ्या आयरोबोट कंपनीच्या चाचणीतल्या रोबोंनी लोकांच्या घरात, अगदी बाथरूममध्येही टिपलेली छायाचित्रं, त्या छायाचित्रांना लेबलं लावणाऱ्या कामगारांकडून समाजमाध्यमांवर गेली, हे २०२२ मध्ये उघड झालं. ती विक्रीतली यंत्रं नव्हती, पण चित्रं कुणाकुणाच्या हातून जातात हे त्यातून दिसलं. कॅमेऱ्याऐवजी लेझरवर चालणारे रोबो मिळतात, ते बघा.

८. बाहेर चार्ज करताना

महामार्गावर जाण्याआधी दोन-तीन कंपन्यांची ॲप घेऊन ठेवा, पण प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये हजार-हजार टाकून बसू नका. अडकलेले पैसे परत मिळवायला वेळ जातो. दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो. चार्जरवरच्या क्यूआर कोडवर दुसरा स्टिकर चिकटवलेला नाही ना, बोटाने चाचपून बघा, आणि शक्यतो ॲपमधूनच पैसे द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

९. कायद्याचा आधार किती

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तेव्हा तुमच्याबद्दल काय साठवलं आहे ते विचारता येईल, चूक दुरुस्त करून घेता येईल, पुसायला सांगता येईल. कंपनीला दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो.

तोवरही कंपनीच्या गोपनीयता धोरणात तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर लिहा: माझ्या गाडीची कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कुणाला देता, संमती मागे कशी घ्यायची. उत्तर येवो न येवो, तारखेची नोंद तुमच्याकडे राहते. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यासाठी मात्र हा कायदा कामाचा नाही. माणसाने घरगुती वापरासाठी हाताळलेली माहिती त्यातून वगळली आहे. ते बोलूनच सोडवावं लागतं.

१०. सर्व्हिस, विक्री, घर बदलणं

सर्व्हिसला देताना गाडीत 'व्हॅले' प्रकार (गाडी दुसऱ्याच्या हाती देताना तुमची माहिती लपवणारी सोय) असेल तर तो लावा. नकाशातले 'घर' आणि 'ऑफिस' हे पत्ते पुसा, किंवा मुळातच घराऐवजी जवळचा चौक टाकून ठेवा. डॅशकॅम (काचेजवळ लावलेला रेकॉर्डिंगचा कॅमेरा) आवाजही टिपतो, तो आवाज बंद करता येतो.

जुनी विजेची गाडी घेत असाल तर पैसे देण्याआधी आधीच्या मालकाला त्याच्या फोनमधल्या ॲपमधून गाडी तुमच्यासमोर काढायला लावा. नाहीतर आरसी तुमच्या नावावर आणि गाडीची जागा त्याच्या फोनवर, असं होतं. विकताना तुम्हीही तेच करा: ॲपमधून गाडी काढा, पडद्यावरून सगळं मूळ स्थितीत आणा, ब्लूटूथचे फोन पुसा, डॅशकॅमचं कार्ड काढून घ्या, चार्जिंगची कार्डं परत घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून मालकी बदलल्याचं कळवा.

घर बदलत असाल तर चार्जर काढण्याआधी त्यातला वाय-फाय पासवर्ड आणि कार्डांची यादी पुसा. वेगळं मीटर असेल तर शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून जोडणी बंद करायचा अर्ज द्या आणि त्यासोबतच सुरक्षा ठेव परत मिळण्याचाही. त्यासाठी बँक खात्याचा तपशील आणि मूळ भरणा पावती लागते. ती पावती पहिल्या दिवसापासून त्याच फाइलमध्ये असू द्या.